मीटरला कुंकू, घंटेला सोनं

ऐकू न येणं वेगळं आणि न ऐकणं वेगळं. आमच्या सासूबाईंना हा फरक कळायला तीस वर्षांचा संसार लागला, आणि शेवटी कळला तो पाण्याच्या मीटरमुळं. नवराबायकोत काय चाललंय हे दाखवणारं मीटर अजून कुणी काढलेलं नाही. आमच्याकडचं मीटर साधं पाण्याचं होतं, पण जाता जाता तेही काम करून गेलं.

साठ सालाच्या पुढंमागं मी लग्न होऊन शिरूरहून दौंडला आले. घोडनदीच्या पाण्यावर वाढलेली पोर भीमेच्या पाण्यावर दिली. सासर म्हणजे नदीकाठचं पंपघर आणि त्याला चिकटून दोन खोल्यांची क्वार्टर. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिथं पंप ड्रायव्हर. म्हणायचं ड्रायव्हर, पण गाडी जागची हलायची नाही. नदीतलं पाणी ओढायचं आणि गावातल्या उंच टाकीत ढकलायचं. पण त्या पाण्यावर निम्मं गाव अंघोळ करायचं, त्यामुळं मामंजींचा रुबाब स्टेशनमास्तरच्या वरताण. आमचे हे रेल्वेच्या यार्डात. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी काळेठिक्कर होऊन यायचे. या गोष्टीत त्यांचं काम एवढंच, म्हणून त्यांना इथंच यार्डात सोडते.

पंपाच्या त्या घुमण्यानं मामंजींचे कान कधीच खाल्ले होते. मला ते महिन्याभरात कळलं. कसं, तर मामंजी कशालाही "व्हय" म्हणायचे.

"मामंजी, भाकरी वाढू?"

"व्हय."

"मामंजी, आमटी करपली."

"व्हय, व्हय."

"मामंजी, तुमच्या खाटेखाली साप हाय."

"व्हय की."

साप नव्हता हो. पण माझी खात्री पटली. मी त्यांच्या समोर जाऊन कानाला हात लावला आणि मान हलवली. मामंजी एकदम गोरेमोरे झाले. इकडंतिकडं बघून म्हणाले, "सूनबाई, ह्ये चार भिंतीत ऱ्हाऊ दे. भाईर कळलं तर नोकरी जाईल आन् ह्या भिंतीबी जातील." आणि खरंच होतं ते. क्वार्टर नोकरीबरोबर होती. नोकरी गेली की पंपघराचा उंबरा सुटला, आणि निवृत्तीला तर अजून चार वर्षं होती.

सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा हट्टानं ऐकत नाही, अशी त्यांची समजूत. आता मला सांगा, हे ज्या बायकोला वाटत नाही अशी एक तरी दाखवा. त्यामुळं त्यांना संशय यायचं कारणच नव्हतं.

पावसाळा सरता सरता घोटाळा झाला. नदीतल्या नळाच्या तोंडाला गाळ आणि शेवाळ बसलं, पाणी यायचं थांबलं आणि पंप कोरडा फिरू लागला. पंप पाणी ओढत असला की घुमतो आणि कोरडा पडला की किंचाळतो. पूर्वी मामंजी झोपेतसुद्धा त्या आवाजानं उठायचे. या खेपेला पंपातून धूर निघाला तेव्हा ते दारात बसून नदीकडं बघत तंबाखू मळत होते. मी धावत जाऊन बटण दाबलं. दोन दिवस गाव आडावर गेलं आणि तिसऱ्या दिवशी पाणीखात्याचे साहेब आले.

साहेब पुण्याकडचे, बारीक मिशीचे, बोलायला तुटक. म्हणाले, "नवं मीटर बसवतोय. पाणी थांबलं की घंटा वाजेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः येऊन व्हॉल्व्ह बंद करणार. घंटा वाजल्यावर मिनिटाच्या आत पंप बंद झाला पाहिजे. नाही झाला, तर इथं दुसरा माणूस बसेल."

मामंजी म्हणाले, "व्हय साहेब."

काय "व्हय" ते मला साहेब गेल्यावर त्यांना खुणांनी सांगावं लागलं. तेव्हा मात्र त्यांनी हातातली तंबाखू फेकून दिली.

नवरात्राच्या चौथ्या माळेला फिटर मीटर घेऊन आला. चांगलं मोठ्या कलिंगडाएवढं बिडाचं धूड होतं. त्यानं ते पंपाच्या पुढच्या नळात बसवलं आणि भिंतीवर दोन घंटा ठोकल्या. लहान घंटी पाणी मोजायला, ठरावीक पाणी गेलं की एकदा टिंग. मोठी घंटा धोक्याची. मीटरच्या पोटात एक पट्टी पाण्यात लोंबत होती. पाणी वाहतंय तोवर ती ढकललेली राहायची, थांबलं की खाली पडायची आणि मोठी घंटा घणघणायची. फिटरनं वायरी जोडल्या, पंप चालू केला, दोन्ही घंटा एकदा वाजवून दाखवल्या आणि पुण्याची गाडी गाठायला धूम पळाला.

आणि मग टिंग. चार श्वास घेतले की टिंग. देवापुढं हात जोडले, टिंग. चुलीत फुंकर घातली, टिंग. सासूबाई पहिल्या तासात म्हणाल्या, "देवळात ऱ्हायला आल्यागत वाटतंय." दुसऱ्या तासात म्हणाल्या, "ह्या देवळाला आग लागू दे." मामंजी मात्र शांत. घरात सुखी माणूस तो एकच.

तिसऱ्या तासाला मी पान्हा घेऊन मीटरचं झाकण उघडलं. माझ्यात एवढं धाडस कुठून आलं ते सांगते. शिरूरला आमच्या शेजारी लाइटिंगवाले चाचा राहायचे. लग्नाला, उरुसाला, गणपतीला रंगीत दिव्यांच्या माळा लावायचे. त्यांचा सगळा पसारा आमच्या दोघांच्या सामाईक ओट्यावर. शाळा चौथीत सुटली आणि मी त्या ओट्यावर बसून वायरी सोलायला शिकले. आईला वाटायचं, पोरगी चाचीकडं शिवणटिपण शिकतेय. चाचांनी मला एकच गोष्ट डोक्यात घोटून घातली होती. तीन स्क्रूंचं बटण असतं ना, त्यातला मधला स्क्रू म्हणजे सासर-माहेर दोन्हीकडं जाणारी लेक. एका वेळी एकाच घरी असते. इकडं आली की तिकडचा दिवा विझतो. त्याच हिकमतीवर ते मांडवातले दिवे लाल-हिरवे, लाल-हिरवे नाचवायचे.

तर झाकणाखाली एक चकती फिरत होती आणि तिच्यात तीन भोकं होती. शंभर लिटर, हजार लिटर, दहा हजार लिटर. ज्या भोकात खिळी घालावी तेवढ्या पाण्याला एक टिंग. फिटरनं घाईत खिळी शंभरात ठेवली होती. मी ती काढून हजारात घातली.

आता टिंग अशी झोकात यायला लागली की काय सांगू. एक भाकरी थापून, भाजून, फुगून उतरली की टिंग. एका भाकरीला हजार लिटर. मी चुलीपाशी बसल्या बसल्या पंपाची नाडी बघायला लागले. दोन दिवसांनी एकदा दीड भाकरी झाली तरी टिंग नाही. मी पिठाच्याच हातानं पंपघरात गेले आणि मामंजींना नदीकडं बोट दाखवलं. ते उतरून बघतात तर नळाच्या तोंडाशी शेवाळाचा गोळा अडकत आलेला. मामंजी वर आले आणि माझ्या हाताच्या पिठाकडं आणि मीटरकडं आळीपाळीनं बघत राहिले.

पण लहान घंटीनं नोकरी वाचणार नव्हती. साहेब मोठी घंटा वाजवणार होते आणि मामंजींच्या मागं तोफ उडवली तरी ते तंबाखूच मळणार होते. म्हणून मी रस्त्यावरच्या गॅरेजातून ट्रकच्या मागचा जुना लाल दिवा मागून आणला. घंटेचा करंट पुरवायला फिटरनं भिंतीवर एक पेटी बसवली होती, तिच्यावर तो छान पेटायचा. मी तो मोठ्या घंटेलाच जोडला. घंटा वाजली की दिवा लागणार. उन्हात दिसावा म्हणून तुपाचा रिकामा डबा आडवा ठोकून त्यात बसवला आणि मामंजींचं स्टूल बरोबर त्याच्या समोर ठेवलं. व्हॉल्व्ह बंद केला, दिवा लागला, मामंजींनी पंप थांबवला. आम्ही दोघं इतके खूश की मी त्यांना चहात साखर जास्त घातली आणि सासूबाईंनी ती चव घेऊन ओळखली.

मग आली खंडेनवमी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आमच्याकडं पान्हे, हातोडे, पंप, मोटार सगळ्यांना हळदकुंकू लागायचं, आणि त्या वर्षी नवं मीटर म्हणजे घरात आलेली नवी सूनच. तिला कोण सोडणार? मी स्वयंपाकात होते. सासूबाईंनी पूजा आटपली, पंपापुढं नारळ फोडला आणि मला खोबरं देऊन म्हणाल्या, "तुझ्या मीटरची बी वटी भरली गं."

दुपारी मी मामंजींना खुणेनं सांगितलं, अजून एकदा करून बघू. ते स्टुलावर बसले. मी व्हॉल्व्ह बंद केला. दिवा लागला नाही. घंटाही वाजली नाही. मामंजी दिव्याकडं डोळे लावून बसलेले, इतके शांत की फोटो काढावा. मिनिटभर झालं. पंप तापायला लागला. शेवटी मीच बटण दाबलं.

मामंजी म्हणाले, "काय गं, व्हॉल्व्ह बंद करतीस का न्हाई?"

मी मीटरचं झाकण उघडलं. आतल्या पट्टीला चाचांच्यासारखंच तीन स्क्रूंचं बटण होतं, आणि जिथं त्याची दोन चकचकीत टोकं एकमेकांना टेकतात, नेमकं तिथं ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट. वाळून खपली झालेली. त्या खपलीतून करंट कुठला जायला?

"आत्याबाई, झाकण उघडून आत कुंकू लावलंत?"

"मग? भाईरच्या बाजूला तर कुणीबी लावंल. आत डोळ्यावानी चमकत व्हतं, म्हनलं, देव आसंल तर हितंच आसंल."

त्यांना काय बोलणार? देव खरंच तिथंच होता, फक्त त्याचे डोळे त्यांनी बुजवले होते.

मी टोकं पुसून साफ केली, पण माझं चित्त काही थाऱ्यावर येईना. आज कुंकू होतं, उद्या कोळ्याचं जाळं असेल, उंदरानं वायर कुरतडली असेल. संकट आल्यावर लागणारा दिवा आणि मोडलेला दिवा, दोन्ही विझलेलेच दिसतात. माणसानं कशावर भरवसा ठेवायचा?

दिवेलागणीला मी देवापाशी कणकेच्या आरत्या करत होते. नवरात्राचा नंदादीप तेवत होता. नदीवरून वाऱ्याचा एक झोत आला आणि ज्योत फडफडली मात्र, तिकडं चुलीपाशी बसलेल्या सासूबाई दोन्ही हातांची ओंजळ करून झेपावल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या मला पाण्याचा तांब्या मागायच्या, त्या. आठ दिवस, घरात कुठंही असोत, त्यांचा एक डोळा त्या ज्योतीवर होता.

"आत्याबाई, तुमची पाठ होती की इकडं. कळलं कसं?"

"आगं, जळतंय ते दिसतच आस्तं. इझलं की काळजात धस्स हुतं. त्याला सांगाय लागतंय व्हय?"

मी हातातली कणीक तशीच ठेवून उठले. सासूबाई ओरडल्या, "आरती!" मी म्हटलं, "तिचीच सोय करतेय."

चाचांची ती लेक! मधल्या स्क्रूतून करंट येतो. पाणी थांबलं की तो उजव्या स्क्रूला जातो, आणि मी घंटा आणि दिवा दोन्ही उजवीकडं जोडून बसले होते. पण पाणी वाहत असताना तो डावीकडं असतोच की! रिकामाच बसून असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, दसऱ्याची अंघोळ व्हायच्या आत, मी दिव्याची वायर उजवीकडून काढून डावीकडं लावली. घंटा उजवीकडंच ठेवली. पंप चालू केला, पाणी धावलं आणि दिवा लागला. लागला तो लागलाच. पाणी वाहतंय तोवर तेवत राहणार. पाणी थांबो, वायर तुटो, कुंकू लागो, काही बिनसलं की विझणार. मी मामंजींना देवघरातला नंदादीप दाखवला, मग तुपाचा डबा दाखवला, आणि ओंजळीची खूण केली. पुढं एक अक्षर सांगावं लागलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला नऊ-नऊ दिवस ज्योत राखताना बघितलंच होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पायजम्याला इस्त्री केलेले मामंजी स्टुलावर, सासूबाई क्वार्टरच्या दारात, त्यांच्या मागं डोक्यावर पदर घेऊन मी. साहेब कुणाशी न बोलता आत गेले, घड्याळ काढलं आणि व्हॉल्व्ह गरागरा फिरवला.

दिवा विझला. मामंजी उठले, तीन ढांगांत भिंतीपाशी गेले आणि पंप बंद. साहेबांचं घड्याळ अजून नीट उघडलंसुद्धा नव्हतं.

मी पदरात हसले. पण साहेबांच्या कपाळाला आठी. ते मामंजींच्या समोर आले आणि म्हणाले, "पंप कशावरून बंद केलात?"

मामंजींनी ओठांवरून ताडलं. छाती काढून म्हणाले, "घंटा वाजली की साहेब! केवढ्यांदा वाजली, कान किटले बघा."

साहेब हळूच म्हणाले, "घंटा वाजलीच नाही."

 खरंच, वाजली नव्हती! दिवा विझल्याच्या आनंदात माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. साहेबांनी वर हात घातला, आणि घंटेची वाटी आणि तिच्यावर आपटणारी गोळी यांच्या फटीतून दोन बोटांनी आपट्याचं पान ओढून काढलं. लगेच घंटा अशी घणघणली की दारातली शेळी बिथरली. मामंजी अजून छाती काढूनच उभे.

"हे काय आहे?" साहेबांनी घंटा थांबवून विचारलं.

"सोनं हाय साहेब," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "काल दसऱ्याला समद्या हत्यारांना दिलं. हितं वारं लई, पान ठरंना कुठं. त्या फटीत कसं झ्याक बसलं."

साहेब मामंजींच्या पाठीमागं गेले आणि त्यांनी दोनदा जोरात टाळी वाजवली. मामंजी समोर बघून हसत होते.

"यांना ऐकू येत नाही," साहेब म्हणाले.

 

"कुनाला? ह्यास्नी?" सासूबाई पुढं आल्या, नवऱ्याच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. "ऐकू येत न्हाई तुम्हाला?"

मामंजींनी मान खाली घातली. "व्हय," म्हणाले. आणि तो "व्हय" मी ऐकलेला त्यांचा पहिला खरा "व्हय".

"आन् मग मी इतकी वर्सं कुनाशी बोलत व्हते?"

साहेबांनी वही काढली. पेन उघडलं. त्या पेनाच्या टोकाशी माझी चूल, आमची खाट, मामंजींचं स्टूल सगळं लोंबकळत होतं. मग मी पदर सावरला आणि पुढं झाले. नव्या सुनेनं साहेबाशी बोलायचं म्हणजे काय ते तुम्हाला आता कळायचं नाही, पण माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं.

"साहेब, आज इथं चांगल्या कानाचा माणूस बसला असता तर काय झालं असतं?"

"म्हणजे?"

"तो घंटेची वाट बघत बसला असता. घंटा काय वाजली नसती. मग पंप जळाला असता. तुमचा चांगल्या कानाचा माणूस पंप जाळून बसला असता आणि आमच्या बहिऱ्यानं वाचवला."

साहेबांनी पेन खिशाला लावलं. मग त्यांनी पुन्हा पंप चालू करायला लावला. दिवा लागला. त्यांनी मामंजींना दिव्यासमोरच बसू दिलं, पण न सांगता मध्येच मीटरमागची एक वायर उपटली. दिवा विझला आणि मामंजींनी पंप बंद केला. साहेब पुन्हा जोडून पुन्हा व्हॉल्व्ह फिरवून बघतात, तेच. चार वेळा केलं. चौथ्या वेळी मामंजी कंटाळून म्हणाले, "साहेब, गावाला पानी द्यायचं हाय का न्हाई आज?"

"हा दिवा कुणी जोडला?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मामंजींनी माझ्याकडं बोट केलं आणि सासूबाईंनी देवाकडं. साहेबांना दोन्ही वहीत लिहिण्याजोगं वाटलं नसावं. त्यांनी लिहिलं ते आम्हाला वाचून दाखवलं: फिटरनं घंटेबरोबर दिवाही जोडला आहे, व्यवस्था योग्य आहे, पंप ड्रायव्हर कामात तत्पर आहे, बदलाची गरज नाही. म्हणजे जो शंभराच्या भोकात खिळी ठेवून पळाला, त्याचं कौतुक! मला राग यायला हवा होता. पण साहेब जाताना उंबऱ्यापाशी थांबले आणि सासूबाईंना म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला सोनं मला द्या, घंटेला नको." तेव्हा राग जरा उतरला.

मामंजी पुढं चार वर्षं त्या स्टुलावर बसले आणि पंप एकदाही कोरडा गेला नाही. निवृत्त झाले तेव्हा आम्ही सामान हलवलं ते आमच्या मर्जीनं, कुणी काढलं म्हणून नाही.

पण खरे वाईट दिवस आले ते साहेब गेल्यानंतरच. सासूबाईंनी ठरवलं की आजवरचं जे जे फुकट गेलं ते सगळं परत सांगायचं, या खेपेला समोर बसून, तोंड दिसेल असं. मामंजींना डोळे मिटून घ्यायची सवय लागली ती तेव्हा. मग एक दिवस सासूबाई माझ्याकडं आल्या. "पोरी, माझ्यासाठी बी एक दिवा जोड. चुलीपाशी बटन, तिकडं पंपघरात दिवा. जेवाय बोलवाय."

मी जोडला. हिरवा घेतला, म्हणजे लाल दिव्याशी घोळ नको. सासूबाईंनी हौसेनं बटण दाबलं, दाबून धरलं, पुन्हा पुन्हा दाबलं. मामंजी काही येईनात. शेवटी त्या तरातरा पंपघरात गेल्या. हिरवा दिवा ढणढण पेटलेला, आणि मामंजी त्याच्याकडं पाठ करून, स्टूल फिरवून, नदीकडं बघत तंबाखू मळत बसलेले.

"आवं, दिवा दिसला न्हाई?"

मामंजींनी त्यांच्या ओठांकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "कंचा दिवा?"